सीएचबीवर रुजू होताना: जाहिरातीपासून अनुभव प्रमाणपत्रापर्यंत

जून-जुलै आला की स्थानिक पेपरात एक चौकट दिसायला लागते. ‘खालील विषयांसाठी तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक नेमणे आहेत. पात्र उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने मुलाखतीस उपस्थित राहावे.’ नुकतंच एमए, एमकॉम, एमएस्सी झालेली, सेट-नेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) निघालेली किंवा निघायच्या बेतात असलेली मंडळी ही चौकट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतात. पुढे काय करायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही. कायम झालेल्यांना ते दिवस आठवत नाहीत, आणि सीएचबीवाले (‘क्लॉक अवर बेसिस’, म्हणजे तासिका तत्त्वावरचे) एकमेकांना भेटले की ‘बिल निघालं का?’ याच्या पुढे बोलणं जात नाही.

मी तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, बरीच वर्षं, तासिका तत्त्वावरच. या कामात माणसं कडवट होतात ती दोन कारणांनी. एक, कागद आणि तासांचा हिशेब दुसऱ्याच्या भरवशावर सोडतात. दोन, ‘यंदा नाही तर पुढच्या वर्षी कायमची ऑर्डर निघेल’ या आशेवर वर्गातला तास नुसता ढकलतात. पहिल्याचा बंदोबस्त केला तर वर्गात डोकं मोकळं राहतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत कागद आणि वर्ग, दोन्ही आहे.

हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयांबद्दल आहे. गोव्यात अशाच कामाला ‘लेक्चर बेसिस’ म्हणतात, तिथले दर आणि नियम वेगळे. कनिष्ठ महाविद्यालयाचं खातंच वेगळं, तिथे बीएडही लागतं.

१. कशासाठी करायचंय ते आधी ठरवा

सीएचबीवर येणारे साधारण चार प्रकारचे. कायम जागेची वाट बघणारे. पीएचडी चालू असताना हात शिकवण्यात ठेवू पाहणारे. दुसरा व्यवसाय असून आठवड्याला चार-सहा तास घेणारे, म्हणजे वकील, सीए, पत्रकार. आणि घरची गरज किंवा वेळ बघून अर्धवेळ काम हवं असलेले.

तिसऱ्या-चौथ्या गटाला हे काम मानवतं, कारण त्यांची चूल यावर पेटत नाही. दुसऱ्या गटालाही चालतं. खरा त्रास पहिल्या गटाला. तुम्ही त्यात असाल तर स्वतःला मुदत घाला. किती वर्षांची ते पायरी १० मधले गुण बघून ठरवा.

उद्योग-व्यवसायात किमान पंधरा वर्षं काढलेल्यांसाठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी वेगळी सोय केली. त्यात नेट-सेटची अट नाही, पण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. तुम्ही तसे असाल तर सीएचबीच्या रांगेत उभं राहण्याआधी तिकडे चौकशी करा.

२. पात्रता

पदव्युत्तर पदवीला संबंधित विषयात ५५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत. सोबत नेट किंवा सेट. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट-सेट ही किमान पात्रता झाली आणि पीएचडी ऐच्छिक. यूजीसीच्या २०१९ च्या सूचनांनुसार अतिथी प्राध्यापकाचीही पात्रता कायम प्राध्यापकाइतकीच हवी.

प्रत्यक्षात पात्र माणूस मिळाला नाही की बिगर-सेट उमेदवारालाही तास देतात. काम तेवढंच करावं लागतं, पण नेमणुकीला लागणारी विद्यापीठाची मान्यता अडकते, आणि मान्यता अडकली की बाकीचं सगळं अडकतं. तुम्ही त्या अवस्थेत असाल तर तास घ्या, पण सेटचा फॉर्म आधी भरा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नेटचं स्वरूपही तेच, ती वर्षातून दोनदा होते आणि देशभर चालते. आपली सेट या दोन राज्यांबाहेर चालत नाही. शिकवत असताना पहिला पेपर सोपा जातो, तेवढा फायदा उचला.

३. फाइल

एकच जाड फाइल करा, दोन झेरॉक्स संच आणि मोबाइलमध्ये स्कॅन. त्यात हे असावं:

- दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतची सगळी गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्रं. ग्रेड असतील तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र.
- नेट/सेट प्रमाणपत्र, पीएचडी असल्यास अधिसूचना.
- जातीचा दाखला, जात वैधता, चालू वर्षाचं नॉन-क्रीमिलेअर, लागू असेल तसं.
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला.
- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान.
- आधीची नेमणूकपत्रं, मान्यतापत्रं, अनुभव प्रमाणपत्रं.
- दुसरीकडे नोकरी असेल तर तिथलं ना-हरकत.

नावाचं स्पेलिंग पॅनवर एक, पदवीवर दुसरं आणि पासबुकात तिसरं असेल तर ते आत्ताच सरळ करून घ्या. मार्चअखेरीस बिल अडकतं तेव्हा ते बहुतेक वेळा असल्याच फुटकळ कारणाने.

४. जाहिरात आणि मुलाखत

रीत अशी: महाविद्यालय रिक्त पदांचा कार्यभार काढतं, विभागीय सहसंचालक (उच्च शिक्षण) कार्यालयाकडून परवानगी घेतं, जाहिरात देतं, निवड समिती बसते, मग प्रस्ताव विद्यापीठाकडे मान्यतेसाठी जातो. या साखळीतली एखादी कडी उशिरा पडली की तुम्ही जुलैत शिकवायला लागलेले असता आणि कागदोपत्री नेमणूक सप्टेंबरची निघते. मधल्या तासांचे पैसे मिळणार का, हा प्रश्न मुलाखतीच्या दिवशीच विचारा. विचारलं म्हणून कुणी नाकारत नाही.

मुलाखतीत विषयाचे प्रश्न जुजबी असतात. हमखास विचारतात ते हे: कुठून येणार, सकाळी साडेसातचा तास जमेल का, अजून कुठे तास आहेत का. शेवटच्याचं उत्तर खरं द्या. दोन महाविद्यालयांत मिळून किती तास चालतील याची मर्यादा तुम्ही लिहून देता त्या हमीपत्रात असते आणि दोन्ही बिलं एकाच सहसंचालक कार्यालयात जातात.

आता थोडं स्पष्ट. ‘सध्या सीएचबीवर या, जागा भरताना तुमचाच विचार करू’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. ते हसून ऐका आणि विसरा. त्या वाक्याच्या मागे देणगीचा आकडा आला तर उठून या. सीएचबीची नेमणूक कायम जागेवर हक्क देत नाही. हे तुम्ही स्वतः हमीपत्रावर लिहून देता. मग त्यासाठी आगाऊ पैसे कोण कशाच्या बळावर घेतंय, याचा विचार करा.

५. नेमणूकपत्र

तोंडी ‘या उद्यापासून’ वर वर्गात जाऊ नका. निदान प्राचार्यांच्या सहीचं तात्पुरतं पत्र तरी घ्या. त्यात बघायच्या गोष्टी:

विषय आणि वर्ग. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा ऐच्छिक), कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली असे तुकडे झालेत. कायम मंडळी मेजर धरून ठेवतात आणि उरलेले तुकडे सीएचबीकडे येतात. घ्यायला हरकत नाही (ओपन इलेक्टिव्हबद्दल पुढे चांगलंच सांगणार आहे), पण पत्रात तुमच्या पदव्युत्तर विषयाचं नाव आणि त्या विषयाचे तास स्पष्ट हवेत. नाहीतर वर्षभर मूल्यशिक्षण शिकवून अनुभव कशातला, हा प्रश्न येतो.

कालावधी. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. ‘शैक्षणिक वर्षाकरिता’ एवढंच मोघम नको.

आठवड्याचे तास आणि तासाची लांबी. वेळापत्रकात तास ४८ मिनिटांचा आणि मानधन ६० मिनिटांच्या हिशेबाने, असा प्रकार असू शकतो. आधीच विचारलेलं बरं.

मानधन कोण देणार. अनुदानित रिक्त पदावरचं असेल तर शासन. विनाअनुदानित तुकडीवरचं असेल तर संस्था, आणि मग दर संस्थेच्या मर्जीचा. बाहेरून दोन्ही ‘सीएचबी’च दिसतात.

६. पैशाचं गणित, लग्नकार्य ठरवण्याआधी

यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले. आपल्या राज्याने त्याच्या थोडं आधी, २०१८ मध्ये, पदवीच्या थिअरी तासाचा दर ५०० रुपये केला होता. पुढे तो वाढत गेला. रुजू व्हाल तेव्हा चालू असलेला शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या. स्टाफरूममधला ऐकीव आकडा धरू नका. प्रात्यक्षिकाचा दर वेगळा आणि बराच कमी, त्यामुळे विज्ञानवाल्यांनी दोन्ही रकाने वेगळे मोजा.

आता गणित. पूर्ण पदाचा कार्यभार सहसा दोघांत वाटला जातो. समजा तुमच्या वाट्याला आठवड्याला ९ तास आले. शिकवण्याचे ३० आठवडे धरले तर २७० तास. गणितापुरता तासाला ९०० रुपये दर धरला तर २,४३,००० रुपये. कागदावर बरं दिसतं. पण ऑगस्टपासून मोजा: युवा महोत्सव, गणपती, सत्र परीक्षा, दिवाळी, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, निवडणूक आली तर महाविद्यालयाची इमारतच मतदान केंद्राला. जो तास झाला नाही त्याचे पैसे नाहीत. हाताला १८० तास लागले तर १,६२,००० रुपये, म्हणजे बारा महिन्यांत वाटले तर महिना साडेतेरा हजार. त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो (पॅन दिलं नसेल तर २०). वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेला टीडीएस आयकर विवरणपत्र भरून परत मिळतो. दरवर्षी कितीतरी लोक कंटाळा करून ते पैसे सोडून देतात.

आणि हे पैसे दरमहा येत नाहीत. अनुदान आलं की येतात. पहिला हप्ता दिवाळीनंतर, उरलेला आर्थिक वर्ष संपता संपता, असं धरून चाला. लवकर आला तर आनंद. घराचा हप्ता, मुलांची फी, एसटीचा पास, यांतलं काहीही या पैशावर टांगू नका. निदान सहा महिन्यांचा खर्च दुसरीकडून भागेल अशी सोय हवी. नसेल तर पूर्णवेळ दुसरं काम आणि थोडेच तास, हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

७. तासांची वही

या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. शंभर पानी साधी वही, आडवे रकाने: तारीख, वार, वेळ, वर्ग, पेपर, शिकवलेला घटक, हजर विद्यार्थी, सही. वर्गातून बाहेर पडलं की लगेच भरायची, रात्री घरी जाऊन नाही. तास झाला नाही तर तीही ओळ लिहायची आणि पुढे कारण: ‘युवा महोत्सव, प्राचार्यांची सूचना क्र. अमुक’. महिनाअखेरीस विभागप्रमुखांची सही घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

कारण बिल बनवताना महाविद्यालय मस्टर, वेळापत्रक आणि तुमचं तासिका पत्रक पडताळून बघतं. तिन्हींत एखाद्या तारखेचा मेळ बसला नाही की ती तारीख कापली जाते, आणि फेब्रुवारीत बसून सप्टेंबरमधला कुठला मंगळवार कसा गेला हे कुणालाच आठवत नाही. बायोमेट्रिक असेल तर अंगठा आणि वही दोन्ही. मशीन बंद असलेला दिवस वहीत आवर्जून टिपा.

इथले तीन सापळे:

कोऱ्या बिलावर सही. ‘आकडे नंतर भरतो, तुम्ही सही करून जा.’ नको. आकडे भरलेल्या कागदावरच सही आणि त्याची झेरॉक्स आपल्याकडे.

घेतले त्याहून जास्त तास दाखवणं. कुणी चांगुलपणाने सुचवेल. लेखापरीक्षणात वसुली निघाली तर ती तुमच्या नावावर निघते.

मिळालेल्या मानधनातून काही रक्कम परत करायची ‘पद्धत’. ही पद्धत नाही. पैसे खात्यात येतात ते तुमचे. दबाव आला तर बोलणं लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

८. वर्ग

आता ज्यासाठी हे सगळं. वर्गात बसलेल्या मुलाला तुम्ही सीएचबी की कायम हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालं तरी त्याला काही फरक पडत नाही. त्याच्यासाठी तुम्ही मॅडम किंवा सर. महाविद्यालयात तुम्ही पूर्ण प्राध्यापक असता ती हीच एक जागा.

पहिल्या वर्षी एका तासाला तीन तासांची तयारी लागेल. दुसऱ्या वर्षी ती निम्म्यावर येते, पण टिपणं घटकवार ठेवली असतील तरच. सुरुवातीला तीन गोष्टी गोळा करा: विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा चालू अभ्यासक्रम (मागच्या वर्षीचा नव्हे, सध्या तो भराभर बदलतोय), मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, आणि एसटीचं वेळापत्रक.

शेवटचं मी गमतीने लिहिलेलं नाही. ग्रामीण महाविद्यालयात १२.४० ची गाडी असेल तर १२ ते १२.४८ च्या तासाला पंचवीस मिनिटांनंतर दप्तरं आवरायला लागतात आणि मुली आधी उठतात, कारण पुढची गाडी तीनची. त्यांना रागावून उपयोग नाही. वेळापत्रक बनवणाऱ्याला जूनमध्येच भेटा, आणि तो तास तुमच्याच गळ्यात पडला (पडतोच) तर मुद्द्याचं पहिल्या वीस मिनिटांत शिकवा, उरलेल्या वेळात उदाहरणं सोडवायला द्या.

पहिल्या दिवशी स्वतःची ओळख, शिस्तीचे नियम, अभ्यासक्रमाची यादी यांत तास घालवू नका. प्रश्नाने सुरुवात करा. मागणीची लवचिकता शिकवताना मी फळ्यावर काही लिहायच्या आधी विचारते: कांदा वीसचा चाळीस झाला तर घरात कांदा निम्मा येतो का? मुली लगेच म्हणतात, नाही, थोडा कमी, पण येतोच. मग दुसरा प्रश्न: पीक दीडपट आलं तर पट्टीवरची रक्कम दीडपट होते का? इथे मागचा बाक जागा होतो. एकदा एक मुलगा, वर्षभर न बोललेला, म्हणाला, ‘मॅडम, आमची कांदाचाळ भरली होती त्या वर्षीच पैसे कमी आले.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग फळ्यावर उभ्या उताराची मागणी-रेषा काढायची, पुरवठ्याची रेषा उजवीकडे सरकवायची, आणि किंमत गुणिले नग हा चौकोन लहान होताना त्यांनाच मोजायला लावायचा. ‘लवचिकता एकापेक्षा कमी’ ही व्याख्या तासाच्या शेवटी येते, आणि परीक्षेत ती पाठ न करता लिहिलेली सापडते. तुमच्या विषयातही असा कांदा असतो, तो शोधा. पाठ्यपुस्तकातली चहा-कॉफीची उदाहरणं त्याच्या जागी चालत नाहीत.

ओपन इलेक्टिव्ह मिळालं तर नाक मुरडू नका. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास, समोर दुसऱ्या शाखेची मुलं, विषयाची पार्श्वभूमी शून्य आणि पुढे त्याच विषयात जाण्याचं ओझंही नाही. विज्ञानाच्या मुलांना घरच्या खर्चाचा ताळेबंद, सोनेतारण कर्जाचं व्याज, पीकविम्याचा हप्ता यांवर अर्थशास्त्र शिकवण्यात जी मजा आहे ती मला मेजरच्या वर्गात क्वचित मिळते.

अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या वेळेत तपासून परत द्या, गुणांखाली एक ओळ लिहून. ‘उदाहरण चांगलं, आकृतीला नावं नाहीत’ एवढंही पुरतं. या मुलांच्या वह्यांवर बरोबरची खूण आणि सही यापलीकडे कुणी फारसं काही लिहिलेलं नसतं. नावं पाठ करा. नव्वदच्या वर्गात सगळी होत नाहीत, पण नियमित येणारी तीस-पस्तीस दिवाळीपर्यंत होतात.

विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करायचाच असेल तर एका विद्यार्थ्याला आणि एका विद्यार्थिनीला अॅडमिन करा, आणि रात्री आठनंतर उत्तर देणार नाही हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.

९. स्टाफरूम, ऑफिस आणि ‘जरा एवढं करता का’

पहिल्या आठवड्यात तीन माणसांशी नीट ओळख करून घ्या: विभागप्रमुख, लेखा विभागातले भाऊसाहेब आणि शिपाई मामा. प्राचार्य नमस्काराला, पण तुमचं बिल हलतं भाऊसाहेबांच्या टेबलावरून आणि वर्गाचं कुलूप उघडतं मामांच्या किल्लीने. वशिला म्हणून म्हणत नाही. साधी विचारपूस पुरते.

खुर्चीचा प्रश्न येतो. काही स्टाफरूममध्ये सीएचबीवाल्यांना ठरलेली जागा नसते, सगळे दाराजवळच्या बाकावर. मनाला लागतं, पण त्यावरून भांडू नका. ग्रंथालयात एक टेबल ठरवून घ्या. तिथे तयारीही होते आणि ‘अहो, रिकामेच आहात तर’ ही हाकही कमी येते.

ही हाक मात्र ओळखायला शिका. नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फाइली, प्रवेशाचे फॉर्म, समारंभाचं सूत्रसंचालन, परीक्षेचं पर्यवेक्षण. सगळ्याला नाही म्हणून चालत नाही आणि सगळ्याला हो म्हटलं तर तुम्ही बिनपगारी कारकून होता. माझी फूटपट्टी सोपी आहे: ज्या कामाचा लेखी आदेश निघतो आणि त्यात माझं नाव येतं, ते करते. समितीचं सदस्यत्व, चर्चासत्राचं संयोजन, पर्यवेक्षणाचा वेगळा भत्ता, हे सगळं त्यात बसतं. ज्यात फक्त टायपिंग आहे आणि नाव दुसऱ्याचं लागणार आहे, त्याला ‘आज तास आहेत’ म्हणते. सभ्यपणे, दर वेळी.

लैंगिक छळाची तक्रार करायची वेळ आली तर अंतर्गत समिती तुमच्यासाठीही आहे. २०१३ च्या कायद्यात तात्पुरते, कंत्राटी सगळे कर्मचारी येतात. ‘तुम्ही तर तासिकेवरच्या’ असं कुणी म्हणालं तर कायदा दाखवा.

१०. जोडीचं उत्पन्न आणि पुढची वाट

तासांच्या भोवती बसणारी कामं: यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात समंत्रक (संपर्क सत्रं बहुधा शनिवार-रविवारी असतात), इग्नूच्या केंद्रातही तसंच, स्पर्धा परीक्षांच्या क्लासला एखादा विषय, पाठ्यपुस्तकांचं भाषांतर, विद्यापीठाचं पेपर तपासणीचं काम. मान्यता असेल तर कॅपला (विद्यापीठाच्या केंद्रीय पेपर तपासणीला) जायची संधी सोडू नका. मानधन थोडं, पण दुसऱ्या महाविद्यालयांतली मुलं काय लिहितात हे बघून आपलं शिकवणं सुधारतं. स्वतःच्याच विद्यार्थ्यांची खासगी शिकवणी मात्र नको. अंतर्गत गुण तुमच्या हातात असतात आणि बोट उठायला वेळ लागत नाही.

आता मुदतीचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. त्याच तक्त्यात पीएचडीला २५, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला १०, नेटला ८, सेटला ५, संशोधन लेखांना मिळून ६. राज्य शासन आणि विद्यापीठं निकषांत फेरबदल करतात, तेव्हा प्रत्येक जाहिरात नव्याने वाचा. पण या तक्त्याचा अर्थ उघड आहे: पाच वर्षं पूर्ण झाली की सहावं वर्ष एकही गुण वाढवत नाही. नऊ महिन्यांचं वर्ष तर पूर्ण २ गुणही देत नाही, त्या प्रमाणात कमी देतं. म्हणजे कायम जागा हवी असेल तर पाचव्या-सहाव्या वर्षानंतर आणखी तास घेऊन फारसं काही साधत नाही. तो वेळ पीएचडीच्या प्रबंधात किंवा सेट असल्यास नेटमध्ये घालवा.

आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही असं. कायम झाल्यावर पुढच्या पदोन्नतीसाठी जुनी तात्पुरती सेवा धरायची तर रीतसर निवड आणि नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसलेलं मासिक वेतन अशा अटी आहेत. तासिकेचं मानधन तिथे बसत नाही. ‘सर्व्हिस धरतील’ या आशेवर वर्षं मोजू नका.

११. एप्रिल: सुट्टी लागण्याआधी

शेवटचा तास झाला की लगेच घरी निघू नका. मे महिन्यात ऑफिसात माणूस सापडत नाही आणि जूनमध्ये प्राचार्य बदललेले असू शकतात. सुट्टीआधी हे हातात घ्या: विद्यापीठाच्या मान्यतापत्राची प्रत, वर्षभराच्या बिलांच्या प्रती, समित्यांचे आदेश आणि अनुभव प्रमाणपत्र. टीडीएसचं प्रमाणपत्र पुढे मिळेल, पण ते कुणाकडे मागायचं ते नाव विचारून ठेवा.

अनुभव प्रमाणपत्राचा मसुदा स्वतः टाइप करून न्या, नाहीतर दोन ओळींचं ‘यांनी समाधानकारक काम केले’ हाती पडतं. मसुद्यात विषय, वर्ग, पासून-पर्यंत तारखा, आठवड्याचे तास, वर्षात प्रत्यक्ष घेतलेले एकूण तास (तुमची वही इथे कामाला येते), नेमणूकपत्र आणि मान्यतापत्राचे क्रमांक-दिनांक, मानधनाचा प्रकार आणि पद रिक्त अनुदानित होतं की नाही, एवढं यायला हवं. लेटरहेडवर छापून घ्या, प्राचार्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक रजिस्टरमध्ये तुमच्यासमोर चढलेला बघा. दोन मूळ प्रती मागा. एक जुलैतल्या पुढच्या मुलाखतीला जाते आणि परत येईलच असं नाही.